कपाट वाढलं

१

उंद्रीच्या उत्तमरावांच्या घरात कधी काही फुटत नसे, तुटत नसे, संपत नसे आणि विझत तर मुळीच नसे. आता यावरून त्या घरातल्या वस्तू फार मजबूत होत्या असं समजू नका. मडकी तिथेही आपटत, कंदिलाच्या काचा तडकत, आणि नेमकं सणाच्या दिवशी तेलाचं भांडं कोरडं निघे. पण उत्तमरावांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या, तोंडून असला अभद्र शब्द जन्मात कधी निघाला नाही आणि दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी निघू दिला नाही. फुटलं म्हणू नये. वाढलं म्हणावं.

तसं कोणत्या घरात म्हणत नाहीत? बांगडी वाढते, देवापुढे नारळ वाढवतात, वाणी दुकान वाढवतो, निजताना बाया दिवा वाढवतात. चार घरी चालतं तेवढं चालावं. गोजरबाईंनी मात्र ताळतंत्रच सोडलं होतं. त्यांच्याकडे केरसुणी वाढे, खाटेची सुतळी वाढे, चपलेचा अंगठा वाढे. एकदा शेजारच्या पुंजाजीने सहज विचारलं, "वयनी, तुमचा ढवळ्या कसा हाय?" तर या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "काल सकाळीच वाढला हो." पुंजाजी बिचारा कौतुकाने तो वाढलेला बैल पाहायला गोठ्यात गेला आणि रिकाम्या दावणीपुढे उभा राहिला. तेव्हापासून गोजरबाईंची टिंगल करायची एकही संधी त्याने सोडली नाही.

उत्तमरावांचा स्वभाव निराळा. त्यांच्या बंडीच्या खिशात कायम एक सुतळी असे. दिसेल ते मोजायचं आणि सुतळीला गाठ मारायची. जे मोजता येत नाही ते सगळं ऐकीव, असा त्यांचा बाणा होता. भूतखेत, नजर, करणी, यातलं काही सुतळीत येत नाही, म्हणून ते नाही. बायकोच्या वाढण्यालाही ते हसत, पण मनातल्या मनात. घरात राहायचं होतं त्यांना.

तर त्या वर्षी बुलडाण्याचा एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. उत्तमराव गेले, आणि सोबत वडनेर भोलजीचे वामनराव. वामनरावांच्या रामरावाशी उत्तमरावांच्या कोकिळेचं लग्न ठरत आलं होतं. लिलावात ते कपाट होतं. काळसर सागवानी, अंगावर तोंड दिसेल असं पॉलिश, माथ्यावर नक्षीचा कंगोरा. वामनरावांनी त्याच्यावरून असा हात फिरवला की आपल्या बैलावरूनही कधी फिरवला नसेल.

"उत्तमराव," ते म्हणाले, "आमाले दुसरं काहीच नोको. पोरीसंगं आंदनात हे कपाट आलं म्हंजे बस. पन हे आलं पाह्यजे."

झालं. कपाट घेतलं, लग्न पक्कं झालं. कोकिळेने रामरावाला एकदाच पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून घरातली पितळेची भांडी ती गाणं म्हणत घासत होती. पोरगी खुशीत होती. आता कपाट वडनेरला पोचलं की कोकिळा तिथे सुखाने नांदणार, आणि न पोचलं तर वामनराव काय म्हणतील ते उत्तमरावांना मनातही आणवत नव्हतं.

२

कपाट उंद्रीला आलं आणि दारात अडलं.

लग्न होईपर्यंत ते ओसरीवर ठेवलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आंदणाची वस्तू चारचौघांच्या नजरेत नको, असं गोजरबाईंचं म्हणणं, आणि वैशाखात वळवाचा भरवसा नाही, असं उत्तमरावांचं. म्हणून ते आतल्या खोलीत न्यायचं ठरलं. आतल्या खोलीला दार एकच, आणि भिंतीत वर मूठभर झरोका. दार असं बुटकं आणि अरुंद की उत्तमराव रोज सकाळी कपाळ चोळतच बाहेर येत.

सुतार रहेमतुल्ला आला. पुंजाजी न बोलावता आला. गाडीवान निवृत्ती होताच.

"आडवं घ्या बे!" उत्तमराव ओरडले.

"आडवंच हाय!"

"मंग उभं घ्या!"

"उभं केलं तं माथा लागते, भाऊ!"

"मंग तिरपं घ्या ना!"

तिरपं घेतलं. पुंजाजी आतल्या बाजूला आणि कपाट दारात असं अडकलं की ना ते आत ना हा बाहेर. आतून पुंजाजीचा आवाज आला, "वयनी, भाकरी झरोक्यातून टाकजा, म्या आता इथंच राह्यतो!"

फळ्या काढल्या, झडपा काढल्या, खालचे खण काढले. तरी कपाट दोन बोटांनी जास्तच. रहेमतुल्लाने घाम पुसला. "उत्तमभाऊ, सरळ काम सांगतो. चौकट फोडू थोडी..."

चुलीपासून आवाज आला, "काय म्हनलं रहेमतुल्लाभाई?"

"वाढवू, बाई," रहेमतुल्ला घाईने म्हणाला. "चौकट वाढवू म्हनलं."

"चौकटीले हात लावाचा नाही. लग्नाच्या घरी उंबऱ्याले कोनी लावते काय हात?"

मग सगळ्यांनी दम धरला, पायाने भिंत रेटली, आणि कपाट एकदाचं कर्रकन आत गेलं. जाता जाता वरच्या चौकटीला घासून कंगोऱ्याचा कोपरा उडाला आणि उत्तमरावांच्या पायाशी येऊन पडला.

"हात्तिच्या!" रहेमतुल्ला म्हणाला. "कोपरा तुट..."

"वाढला!" गोजरबाई धावतच आल्या. हातात लाटणं होतं. "आंदनाची वस्तू हाय. वाढला म्हना!"

"वाढला," रहेमतुल्ला म्हणाला.

"तुमीबी म्हना."

"वाढला," उत्तमराव म्हणाले. निवृत्ती म्हणाला. पुंजाजीने तर कपाटावर थाप मारून बांग दिली, "वाढलं हो वाढलं, उत्तमरावाचं कपाट वाढलं!" सगळे पोट धरून हसले. गोजरबाईही हसल्या आणि कपाटाच्या झडपेला कुंकवाचं बोट लावून गेल्या. रहेमतुल्लाने फळ्या न् झडपा परत बसवल्या आणि चहा पिऊन तोही गेला.

३

कपाट आणि भिंत यांच्यामध्ये गोजरबाईंची केरसुणी उभी असे. पाच-सहा दिवसांनी त्यांनी केरसुणी काढायला हात घातला तर ती निघेना.

"अवो," त्यांनी हाक मारली. "केरसुनी धरून ठेवली यानं."

उत्तमरावांनी ओढली. केरसुणीच्या काड्या हातात आल्या, मूठ आतच राहिली.

"वाढली," गोजरबाई सवयीने म्हणाल्या.

उत्तमरावांनी फटीत बोटं घालून पाहिली. पहिल्या दिवशी तिथे सबंध हात जात होता. जमीन बसली असेल. मातीची जमीन, साहेबाचं कपाट, वजनाने मागे कललं असेल. भिंतही शेवटी मातीचीच. त्यांनी खिशातली सुतळी काढली, कपाटाच्या पाठीपासून दर्शनी बाजूपर्यंत लावली, गाठ मारली आणि समाधानाने बाहेर आले.

दोन दिवसांनी सुतळी लावली तर गाठ पोचेना.

सुतळी आखडली, दुसरं काय? उन्हाळ्यात आखडते. त्यांनी नवी सुतळी घेतली, भिजवून, वाळवून, ताणून. तीही आखडली. मग त्यांना उंदरांचा संशय आला. उंदीर सुतळीचं टोक खातात. पण गाठीपर्यंतच मोजून खाणारा उंदीर त्यांनी अजून पाहिला नव्हता. मग त्यांनी धोतराचा काठ लावून पाहिला, मग काठी, मग विती. वितींचा हिशेब दर वेळी निराळा येई. मग ते स्वतःच्या पंजाकडेच बराच वेळ पाहत बसले.

भर दुपारी, घर निजलेलं असताना, आतल्या खोलीतून आवाज येई. मोठा नाही. नवी वहाण घालून कोणी जपून पाऊल टाकावं तसा. कर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कर्र.

"लाकूड बोलते उन्हाळ्यात," उत्तमराव म्हणत. कोणी विचारलं नसतानाही म्हणत.

४

शेवटी त्यांनी रहेमतुल्लाला बोलावलं. सांगितलं एवढंच की झडप घासते.

रहेमतुल्ला खोलीत गेला आणि बराच वेळ बोलला नाही. हा गडी तोंडात खिळे धरूनही बोलत असे.

"हवेनं फुगते लाकूड," उत्तमराव म्हणाले. "नाही काय?"

"पानकाळ्यात फुगते, भाऊ. या दिवसांत आखडते." रहेमतुल्लाने वर बोट केलं. "हा कोपरा कोनं बसवला?"

उत्तमरावांनी वर पाहिलं. त्या दिवशी उडालेला कोपरा जागच्या जागी होता. नक्षीसकट. उडालेला तुकडा उत्तमरावांनी नंतर बसवून घेऊ म्हणून कोनाड्यात ठेवला होता. त्यांनी कोनाड्यात हात घातला. तुकडा तिथेही होता.

"तू बसवला असशीन," ते म्हणाले.

"म्या? आज येऊन राह्यलो म्या, त्या दिवसानंतर."

"मंग दुसऱ्या कोनी बसवला असन."

"हाव," रहेमतुल्ला म्हणाला. "असन." आणि हत्यारं गोळा करून तो असा निघाला की रंधा तिथेच विसरला, आणि नंतरही न्यायला आला नाही.

दारात पुंजाजी भेटला. त्याने आत डोकावून पाहिलं, छतापाशी टेकत आलेलं कपाट पाहिलं आणि मोठ्याने हसला. "अरे बाप्पा! वयनी, तुमीच तं म्हनलं ना वाढलं म्हून? मंग वाढलं बिचारं! आयकलं त्यानं!"

या वेळी कोणी हसलं नाही. पुंजाजीचंही हसू अर्ध्यात थांबलं. तो म्हणाला, "चालतो म्या, म्हशीचं पाह्यचं हाय," आणि गेला. त्याच्याकडे म्हैस नव्हती.

उत्तमराव ओसरीवर येऊन बसले. असं कुठं असते काय! शब्दाने वस्तू वाढायला लागली तर या घरातली केरसुणी आज धाब्याच्या वर गेली असती. ढवळ्या बैल तर... त्यांनी गोठ्याकडे पाहिलं नाही. तसं काही कारण नव्हतं न पाहायला, पण नाही पाहिलं. साहेबाचं कपाट, विलायती बांधणी, आपल्याकडची हवा मानवली नसेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण काळजी निराळीच होती. जे आत जाताना दोन बोटांनी अडलं होतं ते आता बाहेर कसं येणार? आणि नाही आलं तर कोकिळेचं काय?

५

हळदीच्या दिवशी वामनरावांच्या दोन बैलबंड्या कपाट न्यायला आल्या. कोकिळा शेजारी पुंजाजीच्या घरी, मांडवाखाली होती; बाया तिला हळद लावत होत्या आणि गाणी इथवर ऐकू येत होती.

"तुमी बाहेरून ओढा," उत्तमराव निवृत्तीला म्हणाले. "म्या मांगून रेटतो." आणि ते खोलीत शिरले.

रेटलं. आश्चर्य म्हणजे कपाट सरकलं. अगदी सहज, कोणी बोलावल्यासारखं, ते दारापर्यंत गेलं आणि चौकटीत जाऊन बसलं. बाहेरचा उजेड एकदम गेला. झरोक्यातून एक कवडसा तेवढा राहिला.

"ओढा ना बे!"

"ओढून राह्यलो!" निवृत्तीचा आवाज फार लांबून आला. "भिंतीसारखं झालं, मालक!"

कर्र.

या वेळी आवाज कानाशी आला. उत्तमरावांच्या पोटाला लाकूड लागलं. ते मागे सरले. थोड्या वेळाने पुन्हा लागलं. पाठीला भिंत लागली तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हातात सुतळी होती, पण मोजायला जागा राहिली नव्हती.

त्यांच्या नाकासमोर कपाटाची झडप होती. ताणाने ती थोडी उघडली. आत फळ्या दिसायला हव्या होत्या, फळ्यांमागे पाठ. दिसली नाही. आत लांबवर अंधार होता, आणि त्या अंधाराच्या टोकाला काहीतरी बुटकं, चौकोनी, दारासारखं. तिथून कोणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

पॉलिशमध्ये आपलंच दार दिसलं, ते मनाशी म्हणाले. पण त्यांच्या पाठीमागे दार नव्हतंच, भिंत होती. त्यांनी दोन्ही हातांनी झडप लावून धरली.

"अवं!" ते ओरडले. "आयकलं काय! कोकिळेचे माय!"

"आहो ना इथं!" गोजरबाईंचा रडवेला आवाज.

"ते म्हन!"

"काय म्हनू?"

"वाढलंच्या उलटं म्हन! मो... मोडलं म्हन!"

पलीकडे बांगड्या किणकिणल्या. मग, "हळदीच्या दिवशी?"

"अवं, म्या चेपून राह्यलो इथं!"

"दुसरं काही म्हनलं तं चालन काय? कमी झालं म्हनते." आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "कपाट कमी झालं!" काही झालं नाही. "कपाट आखडलं! कपाट बसलं! कपाटानं आराम केला!"

"आराम नोको करू देऊ त्याले!" उत्तमरावांचा श्वास अडकत होता. "मोडलं म्हन वं! तुह्या पाया पडतो!"

"पाया पडतो म्हनू नये नवऱ्यानं," गोजरबाई हुंदका देऊन म्हणाल्या. लग्न झाल्यापासून जिने वात विझली म्हटलं नाही, मीठ संपलं म्हटलं नाही, तिने पोरीच्या हळदीला, पोरीच्या आंदणाच्या वस्तूला हात लावून तो शब्द काढायचा होता. उत्तमरावांना आतून तिचा श्वास ऐकू येत होता. आणि मग अगदी बारीक, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, ती म्हणाली, "मोडलं."

चट्.

कंगोऱ्यापासून तळापर्यंत कपाट उभं फाटलं, आणि एकदम सगळं सुटून फळ्या, झडपा, खण, सगळं खडखडत खाली आलं. उत्तमराव भुशाने पिवळे होऊन बाहेर आले तेव्हा नवरदेवही त्यांच्याइतका पिवळा नसेल. गोजरबाई परसात चुळा भरत होत्या. मग त्यांनी मूठभर साखर तोंडात टाकली आणि रडत रडत खाल्ली.

"पोरीले कोनी सांगाचं नाही," त्या म्हणाल्या. "आंदनाची वस्तू म्या... तिच्या मनात जन्मभर राहीन. फळ्या सुट्या करून नेल्या म्हना."

उत्तमराव म्हणाले, "नेतच नाही. जाळून टाकतो."

"आन् वामनरावाले काय सांगता?"

पुंजाजीच्या मांडवातून गाणं ऐकू येत होतं. कोकिळेचं हसू त्यात मिसळलेलं होतं. उत्तमरावांनी फळ्या उलटसुलट करून पाहिल्या. फळ्याच होत्या. सागवान. दारातून एकेक करून सहज बाहेर गेल्या. वामनरावांच्या दोन्ही बंड्या भरल्या आणि तरी थोड्या उरल्या, म्हणून घरची तिसरी बंडी निवृत्तीने जुंपली. एका कपाटाच्या तीन बंड्या. पण ते उत्तमरावांनी मोजलं नाही.

६

लग्न झालं. झकास झालं. निरोपाच्या वेळी कोकिळा रडली, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना म्हणाली, "येतो माय." 'जातो' नाही म्हणाली. गोजरबाईंना त्याही दुःखात बरं वाटलं. पोरीला वळण चांगलं होतं.

उत्तमराव तिच्या कानाशी गेले होते. त्यांना म्हणायचं होतं, पोरी, त्या कपाटासमोर 'वाढलं' म्हणू नको. पण वरात खोळंबली होती, बाजा वाजत होता, आणि चांगल्या शहाण्या माणसाने आपल्याच तोंडाने असलं काही सांगायचं म्हणजे! शिवाय मग सगळंच सांगावं लागलं असतं. ते एवढंच म्हणाले, "नीट राह्यजो."

रोहिणखेडचा एक सुतार वडनेरला कपाट जोडून देणार होता. निवृत्ती बंडी घेऊन वरातीबरोबर गेला होता. तीन-चार दिवसांनी तो परत आला. बैल सोडले, पाणी प्यायला आणि खुशीत सांगायला बसला. पाहुणचार काय झाला, पुरणाच्या पोळ्या किती खाल्ल्या, हे सगळं आधी झालं.

"आन् कपाट?" उत्तमरावांनी विचारलं.

"बसवलं ना. झकास. तिकडचं दारबी आपल्यासारखंच बारकं हो. मंग समोरच्या दारापाशीच उभं केलं. आत घेता घेता..." निवृत्ती हसला. "तोच कोपरा पाह्य, मालक. पुन्हा लागला चौकटीले."

गोजरबाईंच्या हातातलं सूप खाली आलं.

"कोनं काय म्हनलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"तिकडच्या बाया म्हननार होत्या ना, तुटला म्हून. पन कोकिळाताईनं पदर डोक्यावर घेतला आन् सगळ्यांले दटावलं. वाढला म्हना म्हने. सासऱ्यालेबी म्हनाले लावलं! लय कौतुक झालं ताईचं." निवृत्ती गोजरबाईंकडे वळला. "तुमाले निरोप देल्ला हाय. म्हने, मायले सांगजो, म्या वाढला म्हनलं, दुसरं काही तोंडातून काढलं नाही."

७

दमणी जुंपून दोघं निघाले. घाट उतरून वडनेर गाठायला मध्ये एक मुक्काम लागतो, पण बैलांनी दम खाल्ला तेवढाच मुक्काम. वाटभर गोजरबाई सराव करत होत्या. "मोडलं. फुटलं. तुटलं. मोडलं." वाटेत भेटणारी माणसं बैल थांबवून विचारत, काय झालं बाई? उत्तमराव म्हणत, काही नाही, पाठ करून राह्यली. एका म्हाताऱ्याने तर गोजरबाईंना देवाचा अंगारा देऊ केला.

वडनेरला पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. वामनरावांचं घर दिसलं आणि उत्तमरावांना हायसं वाटलं. घर उभं होतं, ओसरीवर कोकिळा तुळशीला पाणी घालत होती. हिरव्या बांगड्या, नवं लुगडं, चेहऱ्यावर तेज. तिला पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"माय! बाबा!" ती धावत ओसरीच्या कडेपर्यंत आली. "एकाएकी कसे आले? मांगून या आत, हो. समोरून जाता येत नाही, कपाट हाय."

उत्तमरावांनी तिच्या मागे पाहिलं. घराच्या दारात अंधार असतो तसा नव्हता. तिथे काळसर तपकिरी चकाकत होतं, पार चौकटीपासून चौकटीपर्यंत, आणि वर जिथे भिंत धाब्याला मिळते तिथे नक्षीचा कंगोरा ओसरीच्या उजेडात आला होता. एक झडप थोडी उघडी होती.

तेवढ्यात मागच्या बाजूने वामनराव आले, हात जोडून, खुशीत. "या उत्तमराव! या ईनबाई! काय कपाट देल्लं हो! रोज मोठं दिसते! घरात आमी मांगून जातो आता, पन सारं गाव पाह्याले येते." त्यांनी गोजरबाईंचा चेहरा पाहिला. "काऊन? समदं ठीक हाय ना?"

आणि गोजरबाईंनी, लेकीच्या सासरच्या उंबऱ्यापुढे उभं राहून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, तोंड उघडलं.

"मोडलं!"

वामनरावांचं हसू गेलं. "काय मोडलं?" ते म्हणाले. "ईनबाई, काय मोडलं? लगन?"

चट्. कंगोऱ्यापासून एक बारीक चीर खाली निघाली. उत्तमरावांनी ती पाहिली. त्यांनी आयुष्यात देवाला हात जोडले नव्हते, ते आत्ता जोडले.

पण कोकिळेने ती पाहिली नाही. तिची पाठ होती तिकडे. तिला फक्त एवढं दिसत होतं की आपली माय, जिने आपल्याला बोलायला शिकवलं, ती आपल्या नव्या घराच्या दारात, सासऱ्यादेखत, भरल्या सकाळी हे बोलली. पोरीचा चेहरा लाजेने लाल झाला. तिने हात लांब करून आईच्या तोंडावर ठेवला.

"माय वं, असं म्हनते काय कोनी?" ती कळवळून म्हणाली. "वाढलं म्हनावं. वाढलं, वाढलं, वाढलं."

कर्र.

चीर खालून वर मिटत गेली. उत्तमराव वहाणांसकट ओसरीवर चढले आणि त्यांनी पोरीचा हात धरून आपल्याकडे ओढला. ती दोन पावलं आली आणि थांबली.

"थांबा ना, बाबा," ती हसतच म्हणाली. "पदर अडकला माहा."